काजळी आणि दिवा

मुलुंड, मंगळवार

भाऊजींचं आज पुन्हा तेच. "वहिनी, गाडीचा दिवा मंद झालाय. विकून टाकू मोटरसायकल."

ह्यांची मोटरसायकल विकू? त्याच उजेडात मी ह्यांच्यामागे बसून घाटकोपरहून घरी येत असे. दिव्यातली उजेड पुढे फेकणारी चांदीच्या मुलाम्याची वाटी काळवंडलीय, एवढंच! राखेनं घासली तर चांदी उडते. कॉन्व्हेंटात सिस्टरनी काजळीनं पुसायला शिकवलं होतं. मी वात लावून वर ताटली धरली.

जाऊबाईंनी पाहिलंच. "विधवेला काजळ कशाला गं?"

"डोळ्यांत नाही, दिव्यात घालतेय."

ह्यांच्या जुन्या धोतरानं वाटी हलकेच पुसली. दिवा लावला, समोरची भिंत लख्ख! भाऊजींनी किल्ली परत खुंटीला अडकवली. गाडी राहिली.

काजळी थोडी उरली होती. तुपात कालवली आणि जाऊबाईंसमोरच डोळ्यांत घातली.