सांदणाच्या वाट्या

रेवदंडा,
ता. ५ ऑक्टोबर १९३१

सकिनाचे अब्बा यांना नसीबाचा सलाम.

इकडे सर्व खुशाल, तुमची खुशाली अल्लाकडे मागते. अम्मांचे गुडघे दुखतात, पण जिभेला काही झालेलं नाही. आपला लेक मोंबाशाला खाणावळ काढणार, ही बातमी त्यांनी मशिदीपासून बंदरापर्यंत पोचवली आहे. तिकडे कैऱ्या मिळतात का, असं सकिना रोज विचारते. मी म्हणते, मिळत असतील.

नेहमीचं पत्र मास्तर लिहून देतात. हे मी स्वतः लिहीत आहे. शाळा चौथीतच सुटली, तेव्हा अक्षराला हसू नका.

तुम्ही लिहिलंत, की नोकरी सोडून आपल्या कोकणी खलाशांसाठी खाणावळ काढायची, पण कल्पना पक्की करण्याआधी तुझं मत हवं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलंत, तर सांगते. खलाशी बोट लागली की येणार, आणि बोट सुटली की तुमची चूल थंड. मधल्या दिवसांत कोण जेवणार? तिथे कायमचे राहणारे शिंपी, कारकून असतील, त्यांना आधी विचारा. जागा गोदीजवळ घ्या, पण पाणी आवारातच हवं. भात-कालवण कुणीही वाढेल. परमुलखात माणसाला ईदेचं खाणं आठवतं, म्हणून वाफेवरची गोड सांदणं ठेवायचा तुमचा विचार मला पटला. मात्र रांधणार कोण, हे सगळ्यांत आधी ठरवा.

पूर्वी लिहायचात, दुकान झालं की तुला नि सकिनाला बोलावतो, चूल तूच सांभाळशील. या पत्रात तेवढं राहून गेलं आहे. त्याऐवजी विचारलंत, सांदणं का फुगत नाहीत, का बसतात?

तुम्ही कधी चुलीत फुंकर घातली नाहीत. चहा उतू गेला तरी मला हाक मारायचात. पीठ किती आंबवायचं, झाकण कधी काढायचं, हे प्रश्न तुमचे नव्हेत, हे मला वाचतानाच कळलं. तरी मी मनाला म्हटलं, धंद्यासाठी माणूस शिकतो.

मग तुमची चिठ्ठी आणि साखर घेऊन रशीद खलाशी आला. पडवीत चहा पिताना सहज म्हणाला, "भाभी, ईदेला भाईच्या घरी सांदणं खाल्ली. पन बसलेली व्हती. तुमच्या हाताची सर न्हाय."

तुमच्या पत्रांत तर एका खोलीत दाटीवाटीने झोपणारे पुरुष असतात. मी विचारलं, "घर कधी घेतलं?" रशीदचा पेला तोंडाशीच राहिला. जाताना चपला घालत म्हणाला, "भाभी, मी काय बोललो न्हाय हां."

तेव्हापासून मला काही होत नाही. रडू येईल म्हणून वाट पाहिली, आलं नाही. रागही नाही. मासळी साफ केली, सकिनाची वेणी घातली, अम्मांचे पाय चेपले. थंडीत हात बधिर होतात तसं आत झालं आहे. निकाह केला असेल तर अम्मांना तरी कळवा, त्यांना बाहेरून कळू नये.

आता सांदणांचं. नारळाचं पाणी ती ताजं घेत असणार. ते रात्रभर ठेवून आंबू द्यायचं, मग त्यात तांदळाचा रवा नि साखर कालवायची. पीठ वर येईपर्यंत हात लावायचा नाही. झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर वाफेचं पाणी टपकतं नि सांदण बसतं. मध्येच उघडून बघायचं नाही. घाई करू नकोस म्हणावं तिला. माणसं लांबून येतात, त्यांना चांगलं खायला मिळावं.

तुम्ही रशीदबरोबर माझ्या माहेरच्या सांदणाच्या वाट्या मागवल्यात. चिंच लावून घासल्या, कल्हई अजून चांगली आहे. बांधताना बुडाला बोट लागलं. लग्नात बाबांनी तांबटाकडून प्रत्येक वाटीवर माझं नाव घालून घेतलं होतं. तुम्ही ते घासून काढणार होतात, की तशाच वाढणार होतात? मी त्या पुन्हा फळीवर ठेवल्या.

त्या इथेच लागतील. तुमच्या प्रश्नांचा विचार करताना सुचलं, की आपल्या बंदरावरही सकाळच्या बोटीला माणसं उपाशी बसलेली असतात. अम्मांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "अब्दुस्समदची बायको बंदरावर इकायला बसनार?" मी म्हटलं, "व्हय." बाकी काही सांगितलं नाही. त्या उठून नारळ सोलायला बसल्या.

आम्ही येत नाही. सकिनाला हे कसं सांगायचं ते सुचलेलं नाही. तेवढं मात्र दुखतं.

वाट्या तिकडेच नव्या करून घ्या, आणि त्यांच्यावर तिचं नाव घाला. ते मला कळवू नका.

दर पत्राखाली मास्तर 'आपली वाट पाहणारी' असं लिहायचे. हे पत्र मास्तरांनी लिहिलेलं नाही.

नसीबा