पालोमाच्या ओरडण्यासह माझ्या सर्व मिळकतीची व्यवस्था

मी, खाली सही करणारी ओतिलिया साल्गेदो, कै. नेमेसियो पाहारो यांची विधवा, राहणार कान्यो विएहो, मागदालेना नदीचा डावा काठ, धंदा मयताच्या घरी रडणे (हल्ली गुडघ्यांमुळे बसूनच), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरने तसा कागद दिला आहे. नसता दिला तरी गावात कोण कोणाच्या मयताला आले नाही हे मला अजून तोंडपाठ आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझी भाची येनिस हिने आणून पाहिले, ते पुढे येईलच. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते व त्यात मांजरीला नदीपलीकडे नेऊन सोडावे असे लिहिले होते. ते मृत्युपत्र मी रद्द करते.

कलम १. माझे राहते घर, खांबांवर उभे, फळ्यांच्या जमिनीचे. चतुःसीमा : पूर्वेस नदी, उत्तरेस नुबिया कासेरेस हिचे किराणा दुकान, दक्षिणेस गल्ली, पश्चिमेस इनिरिदा मेसा हिचे घर व त्या घराची खिडकी. खिडकी चतुःसीमेत लिहीत नाहीत, असे नोटरीचा कारकून म्हणाला. मी लिहिते आहे, कारण त्या खिडकीने माझ्या संसाराची बरीच वर्षे खाल्ली आहेत.

हे घर येनिसला मिळावे. ती माझ्या भावाची एकुलती एक मुलगी, दुसरे कोणी नाही. मात्र पालोमा ही पांढरी मांजरी जिवंत असेपर्यंत फळ्यांची जमीन उखडू नये आणि तिथे सिमेंटचे घर बांधू नये. घरात येण्याजाण्याचा व वाटेल तिथे लोळण्याचा पालोमाचा वहिवाटीचा हक्क अबाधित राहील. ही अट येनिसला जाचक वाटेल. वाटू दे. गेल्या वर्षी मांजरीचे ओरडणे ऐकून ती मला काय म्हणाली होती ते तिला आठवत असेल.

"आत्या, एक पोतं आण आणि एक दगड. नदी तर दारातच आहे."

"आणि मी ओरडायला लागले तर?"

"तू कुठे ओरडतेस? तुला तर पैसे दिल्याशिवाय आवाजच फुटत नाही."

हे ती हसत म्हणाली. गल्लीत सगळे हेच म्हणत होते, म्हणून मी तिला घरातून वगळलेले नाही.

कलम २. बँकेतली रक्कम मी गेल्यावर माझ्यासाठी होणाऱ्या नऊ संध्याकाळच्या प्रार्थनांना वापरावी. कॉफी दाट असावी. उसाची दारू कमी पडू देऊ नये. तळलेले मासे नुबियाकडून आणू नयेत, ती कालचे तेल वापरते. उरेल ते देवळाला द्यावे.

कलम ३. माझी काळी शाल व माझा धंदा. शाल इनिरिदाला द्यावी. धंदा तिने आधीच घेतला आहे.

इथे थोडे खुलासेवार लिहावे लागेल. रडणे हे काम आहे आणि ते मी माझ्या आईकडून शिकले. कुठे नुसता हुंदका पुरतो, कुठे गळा काढायचा, शवपेटी उचलताना हंबरडा कधी फोडायचा, टाहो किती लांबवायचा, हे सगळे कान उघडे ठेवून करायचे असते. आपले रडणे आपण ऐकत असलो तरच ते बरोबर जागी थांबते. मी कधी चुकले नाही. इनिरिदा माझ्यापेक्षा बारा-पंधरा वर्षांनी लहान. ती शेजारी राहायला आली, माझे ऐकून ऐकून शिकली आणि मग लोक तिला बोलवायला लागले. का, तर म्हणे तिचा आवाज कोवळा आहे. मयताला कोवळा आवाज कशाला हवा? तो काय उठून नाचणार आहे? पण पलीकडच्या काठावरच्या गुरेवाल्या बड्या घरांनी मला सोडून तिला होडी पाठवली, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो अजून पुरता विझलेला नाही, हे मी शपथेवर लिहिते.

कलम ४. माझे पती नेमेसियो होड्या बनवत. त्यांची हत्यारे, म्हणजे करवती, तासणी, पटाशा, डांबराचे भांडे, ही देवळाला द्यावीत. तिथला सेवेकरी एउस्तोर्हियो ती निदान गंजू देणार नाही. फक्त लाकडी हातोडा त्यात धरू नये. त्याचे पुढे सांगते.

त्या हातोड्याने मला फार छळले. रोज दुपारची झोप झाली की नेमेसियो बाहेरच्या पडवीत जात आणि हातोड्याने जमिनीवर ठोके देत. ठक, ठक, ठक. मी आत पलंगावर डोळे मिटून पडलेली असे, पण कान कुठे मिटतात? ठोके पडले की लगेच पश्चिमेकडची खिडकी उघडल्याचा आवाज येई. कर्र. रोज. पाऊस असो, ऊन असो, नदीला पूर असो. पालोमाही इनिरिदाच्याच घरची. तिच्या मांजरीची पिल्ले पाहायला म्हणून नेमेसियो गेले आणि हे पांढरे पिल्लू छातीशी धरून आले. मांजर डोळे मिटून दूध पिते, तरी जगाला दिसायचे ते दिसतेच. मी एकदा विचारले.

"काय हो, रोज हे ठोके कुणासाठी?"

"मांजरीसाठी. बहिरी आहे ग ती. हाक मारली तर ऐकत नाही, ठोका दिला की फळीतून तिच्या पायाला कळतं."

"बहिरी नाही, शिकवलेली आहे. आणि खिडकीसुद्धा बहिरीच का?"

"कुठली खिडकी?"

"राहू दे. मासे थंड होतायत."

ते हसले. खरे बोलणारा माणूस हसेल का, असे मला तेव्हा वाटले. मी त्यांच्याशी त्या दिवशी बोलले नाही आणि नारळाच्या दुधातल्या भाताची खरवड, जी त्यांना जिवापाड आवडे, ती मुद्दाम मांजरीला घातली.

मग नेमेसियो गेले. आमच्या गावची रीत अशी की रडणारीने स्वतःच्या घरच्या मयताला रडायचे नाही. न्हावी स्वतःची हजामत करत नाही, तसे. दुसरी बोलवावी लागते, आणि गावात दुसरी एकच होती. इनिरिदा माझ्या दारात आली, माझ्या पडवीत बसली आणि माझ्या नवऱ्यासाठी नऊ संध्याकाळी रडली. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर. तिने त्यांच्या होड्यांची नावे घेतली, त्यांच्या शिट्टीचे सांगितले. शेवटच्या दिवशी तिने टाहो फोडला, "आता खरवड कोण खाणार रे, नेमेसियो, खरवड कोण खाणार!" आणि सगळ्या बायका धाय मोकलून रडल्या. खरवडीचे हिला कोणी सांगितले? मी तोंड उघडून पाहिले. आवाज निघाला तो मी ऐकला. तो धंद्याचा होता, परक्याच्या घरचा. मी तोंड मिटले. नऊ दिवसांत माझ्या डोळ्यांतून टिपूस आला नाही, आणि ते सगळ्यांनी पाहिले. प्रार्थना संपल्यावर मी लाकडी हातोडा कपड्यांच्या पेटीत तळाशी टाकला आणि कुलूप लावले. पुरावा म्हणून.

दुसऱ्याच दुपारी पालोमा ओरडायला लागली.

कसे ओरडणे होते ते धंद्याच्या माणसालाच कळेल. पोटातून निघे, वर चढे, वर गेल्यावर फाटे आणि खाली येताना तुटत तुटत येई. असा टाहो मला माझ्या ऐन उमेदीत जमला नाही. रोज दुपारची झोप झाली की पडवीत उभी राहून सुरू. भूक म्हणावी तर थाळी भरलेली. गुरांच्या डॉक्टरने जंताचे औषध पाजले. बोका हवा असेल म्हणून मासळीबाजारातला आडदांड बोका आणला, तर तिने त्याच्या नाकावर पंजा मारला. पाद्रीबाबांनी तीर्थ शिंपडले, त्यांचीही तीच गत झाली. कारण काही सापडेना. मग गल्लीने कारण ठरवून टाकले. नुबिया माझ्याच दारात माशाचे डोके घेऊन आली, मांजरीसाठी.

"बिचारी! केवढा जीव होता तिचा त्याच्यावर. असं रडणं विकत मिळत नाही हो, बाई."

"मग फुकट ऐकायला आलीस का?"

"तुम्हाला राग आला वाटतं. तुम्ही तर चांगल्या खंबीर आहात."

या बाईला मी या कागदावर साक्षीदार केले आहे, ते तिने हे वाचावे म्हणूनच. गाव मांजरीचे सांत्वन करायला येई आणि मला बाजूला व्हायला सांगे. विधवा मी, आणि कॉफी मी करायची! त्या मांजरीचा मला जेवढा हेवा वाटला तेवढा इनिरिदाचाही वाटला नव्हता. मी तिला चिमटे काढले, झाडू उगारला, चुचकारले. ती माझ्याकडे पाही आणि पुन्हा सुरू करी. पहिले मृत्युपत्र त्याच आठवड्यातले आहे.

शेवटी एका दुपारी इनिरिदा जिना चढून आली. माझ्या पडवीत पाय ठेवायला धीर लागतो, तो तिने केला.

"ताई, तू चिडशील. चीड. पण ही रडत नाहीये. ही त्याला हाका मारतेय."

"तुला बरं माहीत!"

"अगं, बहिरी आहे ती. माझ्या घरची सगळी पांढरी, निळ्या डोळ्यांची मांजरं बहिरीच निघतात. पिल्लू हाकेला येईना म्हणून नेमेसियोभाऊ मला विचारायला आले होते, तेव्हा मीच म्हटलं, फळीवर ठोका देत जा. आता ठोके बंद झाले. तिला वाटतं तो कुठे हरवलाय."

"आणि तुझी खिडकी?"

"कसली खिडकी?"

"ठोके पडले की उघडायची ती!"

तिने खाली खांबाकडे बोट केले. "ताई, आपल्या दोन्ही घरांना मधला खांब एक आहे. तो ठोका माझ्या पलंगाला लागायचा. मी दचकून उठायची आणि कॉफी ठेवायच्या आधी खिडकी उघडायची. इतकी वर्षं मला वाटत होतं की मला झोपू द्यायचं नाही म्हणून तूच ठोकतेस."

"आणि खरवड? खरवडीचं तुला कोणी सांगितलं?"

"तूच. रोज नदीपर्यंत ऐकू जाईल अशी ओरडायचीस, 'या, खरवड ठेवलीय!' तुझा आवाज काय लहान आहे?"

मी आत गेले, पेटीचे कुलूप काढले, तळातून हातोडा आणला. गुडघे दुखत होते तरी खाली बसले आणि ठोके दिले. ठक, ठक, ठक. पालोमा ओरडता ओरडता थांबली. धावत आली. माझ्या हातातला हातोडा हुंगला, मग माझ्या मागे पाहिले, मग पलंगाखाली, मग परत माझ्या मागे. ते नव्हते. मग ती माझ्या मांडीवर चढून बसली.

आणि मग मी रडले. कसे रडले ते मला सांगता येत नाही, कारण मी ते ऐकले नाही. इनिरिदा सांगते की नदीवरच्या होड्या थांबल्या होत्या. ती म्हणाली, "ताई, असं तर तू कुणाकडेच रडली नाहीस." मी तिला म्हटले की आता हेही चोरू नकोस.

संशय त्या दिवशी संपला. मत्सर संपला असे मी लिहिले असते, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. नेमेसियोंनी मांजरीचे पहिले दुखणे तिला विचारले, मला नाही, हे मला अजून बोचते. मी काय उत्तर दिले असते हे ठाऊक असूनही बोचते.

कलम ५. पालोमा व लाकडी हातोडा इनिरिदा मेसा हिला द्यावा. दोन्ही एकत्र, वेगवेगळे नाही. मांजरीला माशाचे पोट आवडते, डोके नाही. खरवड चालते. आता रोज दुपारी मी ठोके देते, ती येते आणि गप्प असते. गल्लीत मांजर बरी झाली म्हणतात.

कलम ६. माझ्या मयताला रीतीप्रमाणे इनिरिदानेच रडावे. दुसरी कोणी बोलावू नये, गावाबाहेरची तर नाहीच. तिने माझ्या आवाजाबद्दल सांगावे, वयाबद्दल सांगू नये. माझ्याकडून शिकल्याचे मात्र मोठ्याने सांगावे.

कलम ७. नवव्या संध्याकाळनंतरच्या दुपारी इनिरिदाने माझ्या पडवीत बसून हातोड्याने ठोके द्यावेत. पालोमा आली आणि मुकाट तिच्या मांडीवर बसली, तर ती गोष्ट इनिरिदाने स्वतःजवळ ठेवावी, नुबियाला सांगू नये.

परंतु ठोके देऊनही पालोमा थांबली नाही, हातोडा हुंगून मागे पाहू लागली आणि पुन्हा ओरडू लागली, तर तिला कोणीही गप्प करू नये. डॉक्टर आणू नये, पाद्रीबाबांना त्रास देऊ नये. इनिरिदाने उठून आपली माझ्या घराकडची खिडकी सताड उघडावी, माझ्या घराच्याही सगळ्या उघडाव्यात, आणि गल्लीतून कोणी विचारले की ही कोणासाठी रडते आहे, तर माझे नाव सांगावे.

हे मृत्युपत्र मी समजून उमजून, दिवसाउजेडी, माझ्या पडवीत लिहून पुरे केले.

कान्यो विएहो, १४ ऑगस्ट १९८९

(सही) ओतिलिया साल्गेदो, विधवा पाहारो

वरील बाईंनी आमच्यासमक्ष सही केली. त्या शुद्धीवर होत्या. मांजरी त्यांच्या मांडीवर होती व ओरडत नव्हती.

साक्षीदार १ : (सही) एउस्तोर्हियो बारोस, देवळातील सेवेकरी
साक्षीदार २ : (सही) नुबिया कासेरेस, दुकानदार. तेल रोज बदलते.

इनिरिदा मेसा हिला या कागदाने शाल, मांजरी व हातोडा मिळत असल्यामुळे तिला साक्षीदार होता येत नाही. ती खिडकीत उभी होती.