चौदावं काम

सोमवार, ३ मार्च

झाली फजिती! वाचनालयाच्या संगणकावर आपोआप चालणारी कामं ‘स्प्रिंग’ या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीवर हलवायला घेतली. एकूण चौदा – मुदत संपली की सभासदाला निरोप, सकाळी नव्या पुस्तकांची यादी, असली. प्रत्येकाची वेळ सहा घरांत लिहायची: सेकंद, मिनिट, तास, दिवस, महिना, वार. सेकंदाच्या घरात शून्य हवं होतं, मी चांदणी (*) टाकली. चांदणी म्हणजे ‘प्रत्येक’! चाचणीसाठी आईचा नंबर दिला होता. एका मिनिटात तिला साठ निरोप – पुस्तक परत करा.

आईचा फोन: “अगं, एकदा सांगितलं तरी कळतं मला! आणि पुस्तक कुठलं?”

मंगळवार, ४ मार्च

११:१० ला माझ्या नावावर तक्रार: काउंटरचा प्रिंटर अडकतो. तीन जिने उतरून गेले. प्रिंटर ठणठणीत! गेल्या मंगळवारीही हेच. काउंटरवरच्या वहिनी गालातल्या गालात हसत होत्या. “आज मंगळवार ना?”

वर येऊन शोधलं. ही तक्रार कोणी करतच नाही – चौदावं काम दर मंगळवारी ती आपोआप नोंदवतं! पुन्हा खाली. शेवटी वहिनींनी कबूल केलं. “आमच्या ह्यांनी लावलंय ते. तुझ्या खुर्चीवर आधी तेच होते ना! मला भेटायला त्यांना काहीतरी निमित्त हवं होतं. लग्नाला सात वर्षं झाली, हे दुसरीकडे नोकरीला लागले, पण प्रिंटर बापडा अजून अडकतोच आहे.”

पोट धरधरून हसले.

बुधवार, ५ मार्च

खिडकीजवळच्या माझ्या टेबलाच्या वरचा पंखा कुरकुरत होता, म्हणून वायरमन आला. शिडीवरूनच विचारतो, “एवढं काय टाइप करताय?” सहा घरं समजावली, आईचे साठ निरोप सांगितले, प्रिंटरची गोष्टही सांगितली. इतका हसला की शिडी हलली. जाताना वायरींचे तुकडे स्वतः वेचून नेले.

मला तो आवडला. लिहून टाकलं, झालं!

गुरुवार, ६ मार्च

पंखा उत्तम चालतोय. दुर्दैव!

मंगळवार, ११ मार्च

कामांच्या वेळा लावायचं संगणकावरचं नवं पान सुरू झालं! आता वेळ बदलायला कोड उघडायला नको. प्रत्येक विभागाने आपापली कामं स्वतःच लावायची. ग्रंथपालबाईंची एकच अट – “कारण भरल्याशिवाय काम लागता कामा नये.” तशी चौकट केली. तेरा कामांना कारणं मिळाली. चौदावं पुसलं. वहिनी जरा हिरमुसल्या. “तरी येत जा गं मंगळवारची.”

पान शिकायला सगळ्या विभागांची माणसं आली होती. विद्युत विभागाकडून वायरमनही. वहीत सहा घरं आखून घेतली त्याने. निघताना म्हणाला, “काही बिघडलं तर सांगा.”

काय बिघडणार? एक दिवस पंख्याचं पातं वाकवावं, असंही मनात आलं. छे! खोटी तक्रार माझ्याच्याने व्हायची नाही. पण बिघाड नसेल तर तो तिसऱ्या मजल्यावर येणार कसा? चौतीस वर्षांची बाई मी, अख्ख्या वाचनालयाची कामं वेळेवर लावते, आणि ‘चहाला या’ एवढं तोंडातून निघत नाही! स्वतःचाच राग आला. हा असाच निघून जाईल आणि मी बघत बसेन.

गुरुवार, १३ मार्च

जिन्यात भेटला. “पंखा?” “चांगला आहे.” संपलं बोलणं! तो दोन पायऱ्या चढून थांबला, मी मात्र सरळ खाली. मूर्ख!

शुक्रवार, १४ मार्च

११:१०. तक्रार: तिसरा मजला, खिडकीजवळचं टेबल, पंखा तपासणे. मग आणखी एक. आणखी एक. मोजल्या – साठ!

पान उघडलं. काम नंबर चौदा, विद्युत विभाग, दर शुक्रवारी. सेकंदाच्या घरात चांदणी. आणि कारणाच्या चौकटीत: ‘पंखा चांगला आहे. चहा घ्यायचा होता.’

जिन्यात शिडीची खडखड ऐकू येतेय. घाईघाईने चांदणी पुसून शून्य लिहिलं. बाकी कशालाही हात लावला नाही.