डग्लस फर्थ घरीच असतात याबाबत

प्रति,
मा. नगराध्यक्ष,
नगरपालिका कार्यालय,
स्कोलीना बेट.

अर्जदार : श्रीमती आगाता स्पिनेल्ला, विधवा, वय ६६, धंदा केपरच्या झुडपाच्या कळ्या खारवून विकणे.

विषय : माझे भाडेकरू श्री. डग्लस फर्थ यांना 'बेपत्ता' ठरवून रहिवासी यादीतून त्यांचे नाव काढू नये याबाबत.

संदर्भ : ते बेपत्ता असल्याचे आपले दि. ९ नोव्हेंबरचे पत्र, जे त्यांनी स्वतः सही करून घेतले.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की,

१. श्री. फर्थ, वय ६१, मूळ राहणार कॅनडा, हे गेले चौदा महिने माझ्या घरी राहतात. तिकडच्या एका विमा कंपनीची नोकरी ते इथून संगणकावर करतात. दुपारी खोलीत बसून कोणाकोणाशी इंग्रजीत बोलतात आणि त्याचा पगार मिळतो. आमचे दिवंगत नीनो जन्मभर रेडिओशी भांडले, त्यांना कोणी दमडी दिली नाही.

२. परदेशी माणसाचे नाव यादीत लागले तरी रहिवासी दाखला देण्यापूर्वी नगरपालिकेच्या शिपायाने घरी येऊन तो खरोखर राहतो का ते पाहावे, असा नियम आहे. त्यानुसार शिपाई श्री. सारो स्पिनेल्ला तीनदा आले आणि तिन्ही वेळा 'दार वाजवले, कोणी आढळले नाही' अशी नोंद करून गेले. दार कोणते, ते लिहिलेले नाही. ते रस्त्याकडचे. आपल्या बेटावर रस्त्याकडचे दार नवरी निघताना आणि शवपेटी निघताना, एवढेच उघडते. एरवी सगळी ये-जा मागच्या, स्वयंपाकघराच्या दाराने. आपणही लहानपणी माझी अंजिरे चोरायला त्याच दाराने येत होतात, पण तो या अर्जाचा विषय नाही.

३. तिन्ही वेळा नोंद झाल्यावर श्री. शिपाई घराला वळसा घालून मागच्या दाराने आत आले, टोपी खुंटीला लावली आणि श्री. फर्थ यांच्यासमोर बसून जेवले. दि. ५ सप्टेंबर रोजी तर त्यांनी श्री. फर्थ यांच्याकडून मीठ मागून घेतले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

४. शेवटी मी श्री. फर्थ यांना म्हटले, रीत गेली खड्ड्यात, पुढच्या खेपेस पुढचे दार उघडा. दि. २१ ऑक्टोबर रोजी त्यांनी ते खांदा लावून उघडले. नीनो गेल्यापासून नऊ वर्षांत ते प्रथमच उघडत होते. समोरच्या कोंचेत्ताने ते पाहिले आणि दहा मिनिटांत चर्चची घंटा सुरू झाली. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजाऱ्यांकडून सूपची सात भांडी आली. पाद्री मिकेले धापा टाकत येऊन विचारू लागले, "आगाता, गेलं कोण?" मी म्हटले, "अजून कोणी नाही. पण दारातली गर्दी हटली नाही तर एखादा जाईल." श्री. फर्थ यांना आपली भाषा बेताचीच येते. एवढे सूप पाहून त्यांना गहिवरून आले आणि मग लोकांची खात्रीच पटली. श्री. शिपाई यांनी 'घरात दुःखद प्रसंग, चौकशी तहकूब' असे लिहिले आणि दोन वाट्या सूप घेतले.

५. आता उघडच लिहिते. शिपाई माझा मुलगा आहे, हे आपण जाणता. मी त्याला विचारले, "सारो, एवढा सहा फुटी माणूस तुला दिसत नाही का रे?" तो म्हणाला, "दिसतो ना आई. बाबांच्या खुर्चीत दिसतो. म्हणून तर लिहवत नाही." पोरगा वाईट नाही. बापाची आठवण मलाही येते. पण ती खुर्ची रिकामी होती तेव्हा मी शेगडीशी उभ्या उभ्याच दोन घास खात होते, त्या वर्षांत हा बायकोच्या हातचे जेवत होता. रोज माझ्याकडे जेवायला येऊ लागला तो श्री. फर्थ आल्यावर, पाळत ठेवायला.

६. आपल्या पत्राप्रमाणे दि. ३० रोजी नाव कमी झाले तर श्री. फर्थ यांचा परवाना रद्द होऊन त्यांना बेट सोडावे लागेल. आम्ही जानेवारीत लग्न करणार आहोत आणि त्यासाठी पाद्री मिकेले यांनाही तोच दाखला हवा आहे. मला हा माणूस हवा आहे. सरकारी भाषेत हे कसे लिहितात ते मला माहीत नाही, म्हणून असेच लिहिले.

तरी विनंती की, ज्याची आई माझ्या स्वयंपाकघरात नाही असा एखादा शिपाई शेजारच्या बेटावरून मागवून मागच्या दाराने पाठवावा. नियमात बसत नसल्यास माझेही नाव बेपत्ता म्हणून लावावे. मात्र मग श्री. सारो यांना लेखी कळवावे की, आई घरी आढळत नसल्याने जेवणाची सोय त्यांनी स्वतः पाहावी.

आपली नम्र (दि. ३० पर्यंत),
आगाता स्पिनेल्ला
स्कोलीना, दि. १४ नोव्हेंबर

सोबत :
१. शिपायाच्या चारही नोंदींच्या नकला.
२. कोंचेत्ता व इतर आठ शेजाऱ्यांचे जबाब. (सूपची भांडी परत मिळाल्याचेही त्यातच आहे.)
३. श्री. डग्लस फर्थ, मूळ प्रत. हा अर्ज तेच घेऊन येत आहेत. नीट पाहून घ्यावे व जेवणाच्या वेळेपूर्वी परत पाठवावे. दुसरी प्रत नाही.