दोन चिपांचं एकच कार्ड

२ मे २०१४, करंजा

दादाशी कडाक्याचं भांडण! एप्रिलमध्ये आमचं जुनं ग्राफिक्स कार्ड जळलं, तेव्हापासून गेम बंद. नव्यासाठी दोघांनी मिळून साठवलंय. मी म्हणते दोन सुटी कार्डं घेऊ, विनेशदादा म्हणतो दोन चिपा असलेलं एकच घेऊ. माझं साधं म्हणणं — अकरा तारखेला माझं लग्न. एक कार्ड मी दिघीला नेईन, एक इथे राहील, मग ऑनलाइन खेळू. होणाऱ्या नवऱ्याकडे, दिपेशकडे कॉम्प्युटर आहे, पण त्यावर पत्त्यांचे डाव तेवढे चालतात.

बाबा बोटीवरून आले ते थेट माझ्या बाजूने. "दोन मशीनी बऱ्या. एक बंद पडली तर दुसरीवर बंदराला लागता येतं." मी नाचलेच! दादा ढिम्म. म्हणे दोन कार्डं कॉम्प्युटरच्या एका डब्यात एकमेकांना तापवतात, चित्र अडखळतं. अरे, पण एका डब्यात ठेवायचीत कुणाला?

४ मे

आणलं. एकच! सांगून सांगून घसा बसला माझा. "तुझा हिस्सा देतो की," म्हणाला. हिस्सा गेला खड्ड्यात. मला खेळायला भाऊ हवा होता. आता मी दिघीला भांडी घासत बसू?

कंजूष! एकटाच खेळ म्हणावं.

६ मे

आई!!!

सकाळी उठून बघते तर कार्ड देव्हाऱ्यासमोर पाटावर. पंख्याला हळद-कुंकू, वर नारळाचं पाणी शिंपडलेलं. "नव्या मशीनला नारळ नको? तुझ्या बापसाच्या इंजिनला न्हाय फोडला व्हता?" मला आधी हसू, मग रडू, मग पुन्हा हसू. नशीब, वीज जोडली नव्हती.

दादाने दवाखान्यातून स्पिरिट आणून ब्रशने सगळं धुतलं. हळद काही केल्या जाईना. मग बाबांनी ते दोरीला बांधून अंगणात मासळी वाळवायच्या वलांडीवर टांगलं — बोंबलांच्या रांगेत! कावळे जमले. राखणीला कोण? नवरी मुलगी, हातात काठी. आत्या हळदीच्या तयारीला आली ती तिथेच थबकली. "गो भाविका, ह्यो कंचा मासा?"

मी म्हटलं, "फार महागाचा आहे. भावाच्या घशात अडकणार आहे."

८ मे

चालू झालं! घरभर बोंबलाचा वास, पण चित्र काय दिसतं, आहाहा! दुपारी पडद्याचे दोन भाग करून खेळलो. दादाने तीनदा माझा जीव वाचवला. मी एकदा मुद्दाम त्याला गोळी घातली. बोललो मात्र नाही.

९ मे

दादा गेम थोडा वेळच चालवतो, मग कार्ड काढून पुसत बसतो. एवढा जीव भावाने बहिणीवर लावला असता तर!

११ मे

लग्न झालं. निघताना सगळे रडले. दादा कुठे? तर म्हणे मांडववाल्याशी हुज्जत घालतोय. घाल बाबा, घाल. मीही मागे वळून पाहिलं नाही.

१३ मे, दिघी

ट्रंक उघडली. साड्यांच्या तळाशी कार्ड. अख्खं, दोन्ही चिपांसकट.

रागाने फोन केला. म्हणाला, "दोन सुटी आणली असती तर तू एकच नेलं असतंस. मग हट्टाने निम्मं माझ्यासाठी ठेवलंच असतंस."

गाढव! आता तो खेळणार कशावर?