सकाळची प्राप्ती

७ जुलै
प्राप्तीला मारलं. मी! घरातली पहिली पदवीधर — मुलांना मारू नये असं बाबांना ऐकवणारी. सकाळी लंगडी घालत शाळेत गेली आणि संध्याकाळी अभ्यासाला बोलावलं तर पाय आत वळवून भिंत धरत आली. "ताई, पाय ऐकत न्हाय." नऊ वर्षांची माझी बहीण, आणि हे नाटक!

आई म्हणाली, "आत्यावर गेलीय. तीपन कामाच्या टायमालाच बसते."

रखमाआत्याने काठी बाजूला ठेवून प्राप्तीचे पाय मांडीवर घेतले.

८ जुलै
सकाळी उड्या मारत गेली. बघा!

१६ जुलै
अलिबागच्या डॉक्टरांकडे तिसरी फेरी. नेहमीसारखी मुरुडहून पहिली एसटी, म्हणजे लवकर नंबर लागतो. वाटभर माझ्या खांद्यावर झोपली. डॉक्टरांनी पळवून पाहिलं — "ठणठणीत आहे. शाळेचा कंटाळा असेल."

संध्याकाळी स्टँडवरून बाबांच्या पाठीवर. "हिला दाखवाया नेलीव का माझी पाठ मोडाया?" प्राप्ती हसली. मी नाही.

२९ जुलै
अलिबागची चौथी फेरी.

पहिली एसटी आलीच नाही. दुसरी वाटेत बंद पडली. पोचलो तेव्हा साडेचार. डॉक्टरांच्या दारातच प्राप्तीचे पाय एकमेकांत अडकले. डॉक्टर खुर्चीतून उठले! "रोज याच वेळी? झोपून उठली की बरी?"

हो. हो!

"मग सकाळी का आणत होतात?"

तीन वेळा! तीन वेळा मीच तिला झोपवून, बरी करून नेलं. आणि खोटारडी म्हणाले.

मुंबईच्या मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला चिठ्ठी दिलीय.

१४ ऑगस्ट
मुंबईहून आणलेल्या गोळीचा चौथा दिवस. संध्याकाळी सहा वाजता प्राप्ती अंगणात लंगडी घालत होती. त्याच पायावर! आई चुलीपुढून उठून आली नि रडायला लागली.

मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "घरात आणखी कोणाला?" मी पटकन "नाही" म्हणाले.

आज अंगणातली लंगडी बघत आत्या दारात उभी होती. काठीवर रेलून.

६ सप्टेंबर
आत्यालाही मुंबईला दाखवून आणलं; तीच गोळी तिलाही लागू पडली. संध्याकाळी काठी दाराशी ठेवून विहिरीपर्यंत गेली आणि परत आली. प्राप्तीने टाळ्या वाजवल्या. आत्या सेहेचाळीस वर्षांची आहे. माझ्याशेजारी बसली, पाय चोळत म्हणाली, "ही गोली निघाली कधी गं?"

"नवीनच आहे, आत्या."

आत्याच्या जन्माआधीपासून आहे.