सात मिलिव्होल्ट

प्रिय ठकू,

मामाला आधी आत घे, पाणी दे, मग हे वाच. फोनवर मी सगळं ठीक आहे म्हणते, कारण तुझे बाबा समोर बसून कान टवकारत असतात. तुझा फोन येणार असला की दाढीसुद्धा करतात, जसं काही तुला दिसणारच आहे!

लहानपणी तू प्रयोगशाळेत माझ्या स्टुलावर बसून विचारायचीस, रक्तात वीज असते का म्हणून. वीज नसते गं, क्षार असतात. पण त्यात इलेक्ट्रोड बुडवले की एक छोटासा सेल तयार होतो आणि त्याच्या व्होल्टेजवरून पोटॅशियम किती ते कळतं. आधी प्रमाण माहीत असलेल्या द्रावणांवर यंत्राला शिकवायचं, मग अनोळखी नमुना लावायचा. खोड एकच: व्होल्टेज बोटभर सरकतं तेव्हा खरं प्रमाण हातभर सरकलेलं असतं.

घरच्या माणसाच्या रक्ताची नळी आपण यंत्राला लावायची नाही, हा आमच्याकडचा रिवाज. हात स्थिर असला तरी मन खोटं बोलतं, असं मोठ्या बाई म्हणतात. बाबांची किडनी कुरकुरायला लागल्यापासून त्यांची नळी बाईच लावायच्या. गेल्या आठवड्यात त्या रजेवर होत्या, म्हणून मी लावली. मागच्यापेक्षा सात मिलिव्होल्ट जास्त. एवढ्यानं टॉर्चचा दिवाही लुकलुकायचा नाही. मी इलेक्ट्रोडलाच दोष दिला. नवी द्रावणं काढली, इलेक्ट्रोडचा पडदा बदलला, नळी जोरात हलवून रक्तपेशी फोडल्या, त्यानंच आकडा चढला, म्हणून सिस्टरना नको तेवढं बोलले. नवशिक्यांना मीच ऐकवते ना, नाचता येईना अंगण वाकडं! दुसरी नळी मागवली. पुन्हा तेच सात. मग मात्र मी खुर्चीत बसून रडले. यंत्र बिचारं बरोबरच होतं; बाबांचं पोटॅशियमच हृदय बंद पाडू शकेल इतकं वाढलं होतं.

बाबा अजून तसेच आहेत. अळणी जेवणाला नावं ठेवतात, माझ्यावर उपकार केल्यासारखे दोन घास खातात. पाय सुजले तर म्हणाले, चला, नवे बूट घ्यायला निमित्त मिळालं. मी हसले आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

परवा डॉक्टरांनी डायलिसिसचं विचारलं. हृदय इतकं थकलंय, की ते सोसवेल याची खात्री त्यांनाही नाही. बाबांनी शांतपणे नको म्हटलं. आता रक्त तपासायला सुईसुद्धा नको म्हणतात. पुढच्या महिन्यातली तुझी परीक्षा होईपर्यंत तुला काही कळवायचं नाही, अशी शपथ घातलीय मला. तोवर ते असतील असं डॉक्टर म्हणत नाहीत, म्हणून शपथ मोडतेय. मामाकडे दोघांची तिकिटं आहेत. इतकी वर्षं आकडा आला की पुढं काय करायचं ते मला ठाऊक असायचं. आता आकडाच येणार नाही. नुसतं त्यांच्याजवळ बसून राहायचंय, आणि ते मला एकटीला जमत नाही गं. ये.

तुझीच वाट बघणारी,
आई